मुलांना 'काय पाहिजे' विचारू नका, 'कुठं बसता' ते विचारा

पत्र: ताई, मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. शाळा पाचवी ते दहावी, पट सहाशेच्या आसपास. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचनं मैदान सुधारायला दीड लाख रुपये दिले आहेत. मुख्याध्यापक सरांचा बेत असा: पुढच्या सगळ्या आवारात गट्टू (पेव्हर ब्लॉक), कडेनं सिमेंटचे बाक, फाटकाजवळ सेल्फी पॉइंट आणि पंधरा ऑगस्टला उद्घाटन. आवारात एक जुना कडुनिंब आहे, त्यालाही सिमेंटचा ओटा बांधायचं ठरतंय. मला वाटतं, मुलांना विचारावं. पण मागच्या वर्षी मी सूचनापेटी ठेवली, तर तिच्यातून स्विमिंग पूल, वायफाय आणि पाणीपुरीचा ठेला निघाला. स्टाफरूममध्ये अजून त्यावर हसतात. मधल्या सुटीत मैदान क्रिकेटवाल्या पोरांचं असतं, सातवीपुढच्या मुली वर्गाबाहेर येतच नाहीत. मुलांना खरोखर सामील करून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू? की सर म्हणतात तसं हे मोठ्यांचंच काम आहे? पंधरा ऑगस्ट तर तोंडावर आला.

उत्तर:

मॅडम, आधी त्या स्विमिंग पुलाचं बघू. स्टाफरूम हसली, पण त्या चिठ्ठ्या टाकून दिल्या नसतील तर पुन्हा काढा. नागपुरातल्या शाळेत बारा-तेरा वर्षांचं पोर स्विमिंग पूल मागतं तेव्हा ते 'गरम होतं' एवढंच सांगत असतं. वायफायचा अर्थ बहुतेक वेळा 'सुटीत करायला काही नाही' असा निघतो. पाणीपुरीच्या ठेल्याभोवती घोळका करून उभं राहता येतं, शाळेत तशी जागा नाही. मागणी अवास्तव असली तरी तिच्या मागचं कारण खरं असतं. चूक पेटीच्या प्रश्नात आहे. 'तुम्हाला काय पाहिजे?' असं कोणालाही विचारा, माणूस आयुष्यात पाहिलेली सगळ्यात भारी वस्तू सांगतो. आपल्याला नगरसेवकानं विचारलं तर आपणही मेट्रो स्टेशन घरासमोरच मागू.

म्हणून प्रश्न बदला. आत्ता मधल्या सुटीत तू कुठं असतोस? कोणाबरोबर? तिथंच का? आणि कुठं कधीच जात नाहीस? याची उत्तरं पाचवीचं पोरही अचूक देतं, कारण या विषयातला जाणकार तेच आहे. तुम्ही आणि सर त्या वेळी स्टाफरूममध्ये डबा खात असता.

हे करायची माझी आवडती पद्धत सांगते, खर्च किरकोळ. शाळेच्या आवाराचा साधा नकाशा जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूवर, चार पानं जोडून, मुलांकडूनच काढून घ्या. इमारत, फाटक, नळ, संडास, सायकल स्टँड, कडुनिंब, ध्वजाचा खांब एवढं पुरे. प्रमाण चुकलं तरी चालेल. मग टिकल्यांची पाकिटं आणा, हो, कपाळाच्याच. लाल टिकली म्हणजे 'मी इथं बसते', हिरवी म्हणजे 'इथं खेळतो', काळी म्हणजे 'इथं जायला नको वाटतं'. एकेक वर्ग आळीपाळीनं येऊन लावेल. मुली आणि मुलगे वेगवेगळ्या वेळी, आणि मुलींच्या वेळी खोलीत एखादी मॅडमच असू द्या. तासाभरात त्या कॅलेंडरवर तुम्हाला जे दिसेल ते कुठल्याही आर्किटेक्टला महिनाभरात दिसणार नाही.

एका शाळेत मी असा नकाशा पाहिला होता. मुलींच्या लाल टिकल्या सगळ्या जिन्याखालच्या अरुंद पट्टीत, एकावर एक, कागद फुगेपर्यंत. मैदानाच्या मधोमध एकही नाही. आणि काळ्या टिकल्यांची अख्खी रांग मुलींच्या संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर. का, तर ती वाट बरोबर बॅट्समनच्या मागून जात होती. 'बॉल लागते ना मॅडम,' सहावीतली एक मुलगी म्हणाली, असं काय विचारता अशा सुरात. त्या शाळेत विकेटची दिशा फिरवली. त्याला पैसा लागला नाही, फक्त पीटीच्या सरांची अर्ध्या तासाची कुरकुर ऐकावी लागली.

तेव्हा तुमच्या मुली वर्गाबाहेर का येत नाहीत, याचा अंदाज तुम्ही-मी करू नये. चेंडू असेल, ऊन असेल, बसायला जागा नसेल, वह्या-डबा ठेवायला जागा नसेल, पाळीच्या दिवसांत संडासापासून लांब जायचं नसेल, किंवा मुलगे बघतात म्हणून नकोसं वाटत असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि यातल्या निम्म्या गोष्टींना गट्टू लागत नाहीत. मात्र क्रिकेटवाल्या पोरांना खलनायक करू नका. त्यांना शहरात खेळायला दुसरीकडे मैदान उरलंय कुठं? या कामासाठी मुलांची समिती कराल तिच्यात त्यांच्यातले दोघं-तिघं घ्याच, आणि मैदानाची वाटणी त्यांच्याच तोंडून होऊ द्या: आठवड्यातले कोणते दिवस क्रिकेट बंद, कोणत्या कोपऱ्यात फक्त प्लॅस्टिकचा बॉल. मोठ्यांनी लादलेला नियम दोन दिवस टिकतो. आठवीच्या कॅप्टननं स्वतः मांडलेला नियम तो स्वतःच पोरांवर दादागिरी करून पाळायला लावतो. त्याच्यावर थोडं लक्ष ठेवावं लागतं, एवढंच.

आता सरांच्या पंधरा ऑगस्टकडे. इथं तुमची बाजू मुलांच्या हक्कांपेक्षा मातीमुळे भक्कम आहे, म्हणून तीच आधी मांडा. पूर्व नागपुरात बऱ्याच ठिकाणी काळी माती खोल आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट गट्टू बसवले की दुसऱ्या पावसाळ्यानंतर जमीन लाटेसारखी होते, बाक एका अंगाला कलतात आणि पोरं त्या कोपऱ्यात ठेचकाळतात. काळी माती दीड-दोन फूट काढून, मुरूम भरून, थराथरानं धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट दाबूनच, वर काही बसवायचं असतं आणि भर पावसात, माती लोण्यासारखी असताना, धुम्मस होत नाही. कोणत्याही प्रामाणिक ठेकेदाराला सरांसमोर विचारा, तोही हेच सांगेल. जो 'होऊन जाईल सर, काळजी नका करू' म्हणेल त्याला काम देऊ नका.

सरांच्या गट्टूंमागेही खरं कारण आहे, ते मान्य करा. जुलै-ऑगस्टमध्ये चपलांना किलोकिलोनं चिकटणारा काळा चिखल वर्गात येतो आणि झाडून काढायला शिपाईकाकांशिवाय कोणी नसतं. म्हणून नळापासून व्हरांड्यापर्यंत आणि फाटकापासून पायरीपर्यंत चार-पाच फुटांची गट्टूंची वाट जरूर करा. व्हीलचेअरवरचं किंवा कुबड्या वापरणारं मूल शाळेत आज नसेल, उद्या येईल. त्याला हीच वाट लागते, आणि उतार ठेवायचा तर एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी. बाकी आवार मात्र गट्टूंनी झाकू नका. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी सिमेंट कसं तापतं, हे नागपूरकराला मी काय सांगू. हिरवं प्लॅस्टिकचं लॉन तर त्याहून वाईट. कोणी कॅटलॉग घेऊन आलाच तर चहा पाजून परत पाठवा.

एकदा पंधरा ऑगस्ट डोक्यातून काढला की वर्ष तुमच्या बाजूनं चालतं. पावसाळ्यात मुलांना पाण्याचा नकाशा करू द्या. जोराची सर थांबल्यावर कुठं तळं साचतं, किती वेळात आटतं, छपराचं पाणी कुठून पडतं. जिथं तळं तिथं बाक नको, हे मग कोणाला पटवावं लागत नाही. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की सावलीचा नकाशा. तुमचा विषय विज्ञान, म्हणजे हे तर तुमच्याच घरचं कार्य.

मधल्या सुटीच्या सुरुवातीला आणि शेवटी सावलीच्या कडा मुलांनी जमिनीवर फक्कीनं, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीनं, आखायच्या, वर तारीख लिहायची आणि नकाशावर उतरवायच्या. ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी आणि मार्चअखेर, असं चारदा. मग गंमत दिसते. नागपूर साधारण २१ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि दहा फुटी भिंतीची सावली दहा फूट पडते. फेब्रुवारीच्या मध्यात तीच सावली साडेसहा-सात फूट, मार्चअखेर चार फुटांच्या आत, एप्रिलच्या मध्यात दोनच फूट. मेअखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. मुलं हे पुस्तकातून पाठ करतात. इथं ती आपल्या बाकाची जागा त्यावरून ठरवतील.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. जेव्हा सावलीची खरी गरज असते तेव्हा भिंत कामाची राहत नाही. डोक्यावर पसरलेलं काहीतरी लागतं. म्हणूनच शाळांच्या कंपाउंडला ओळीनं लावलेले ते सरळसोट अशोक आणि बॉटल पाम बघून माझा जीव जळतो. दिसायला शिस्तबद्ध, कवायतीला उभे असल्यासारखे, आणि सावली एका माणसालाही पुरत नाही. पसरणारं झाड लावा. करंज नागपूरच्या उन्हाला पुरून उरतो, दाट सावली देतो आणि पानगळ झाली तरी उन्हाळ्यात लवकर पालवतो. कडुनिंब आहेच. जागा मोठी असेल तर चिंच, शोभेला एखादा बहावा. वड-पिंपळ इमारतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांबच बरे, मुळं भिंतीत शिरतात. गुलमोहर सुंदर, पण त्याचं लाकूड ठिसूळ. आपल्याकडच्या मे-जूनच्या वादळात त्याच्या फांद्या आधी येतात खाली, म्हणून पोरं बसतात तिथं नको. आणि पिवळी कण्हेर कुठे असेल तर काढून टाका. तिच्या बिट्ट्यांनी मुलं हमखास खेळतात आणि त्या विषारी असतात.

दुपारची उन्हं पश्चिमेकडून तिरपी येतात, तेव्हा बसायच्या जागेच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला झाड असेल तर शाळा सुटेपर्यंत सावली टिकते. यंदा तिथं दोन-तीनच करंज लावा, म्हणजे नंतर आराखडा कसाही ठरला तरी ते आड येणार नाहीत. बाकी झाडं पुढच्या जुलैत. रोपं सामाजिक वनीकरण किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेतून घ्या, सेमिनरी हिल्सला जाऊन मुलांना स्वतः निवडू द्या. कुठलं झाड कुठल्या मातीत, हे महाराजबागेशेजारच्या कृषी महाविद्यालयात कोणीतरी आनंदानं सांगेल.

शाळेतली झाडं मरतात ती बहुतेक एप्रिल ते जूनमध्ये. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे रोपाच्या पहिल्या, सगळ्यात कठीण उन्हाळ्यात आवारात कोणीच नसतं. वृक्षारोपणाचा फोटो जुलैत निघतो, झाड मे महिन्यात वाळतं आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. यावर मुलांशी आत्ताच बोला. शाळेच्या गल्लीत राहणारी मुलं कोण? मटका गाडून ठेवला तर किती दिवस पुरतो, हे दिवाळीच्या सुटीत करून बघता येईल का? हात धुण्याच्या नळांचं पाणी आळ्यात वळवता येईल का? शिपाईकाकांना सुट्यांतल्या पाण्यासाठी वेगळे काही पैसे द्यायचे तर ते आधीच बाजूला काढायचे का? हे शेवटचं मुलांना सुचलेलं मी ऐकलंय, मोठ्यांना सहसा सुचत नाही.

तुमच्या कडुनिंबाबद्दल मात्र आजच सरांना भेटा. बुंध्याला भिडवून सिमेंटचा ओटा बांधला, त्यात माती भरली, की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड सावकाश, वर्षानुवर्षं मरतं. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढी मोकळी माती ही कमीत कमी मर्यादा समजा. जुन्या झाडाला जास्त सोडा. पार हवाच, तो आपला जुना, तपासलेला बैठकीचा प्रकार आहे. पण तो बुंध्यापासून लांब, कड्यासारखा, आतल्या जमिनीची पातळी न बदलता. पायासाठी सलग चर खोदून मुळं तोडू नका. थोड्या अंतरावर खांब घेऊन वर फरशी टाका. झाड तोडायचंच नव्हे, मोठ्या फांद्या छाटायच्या तरी १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. पन्नास वर्षांपुढचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष धरलं जातं. कडुनिंबाचं वय किती, हे शाळेच्या जुन्या फोटोंतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीतून मुलांना शोधू द्या. देणगीदारांशी बोलायला त्यांना कारणही मिळेल.

बाकांचं आता. सिमेंटचे बाक कडेनं ओळीत मांडले की काय होतं ते फुटाळ्यावर संध्याकाळी बघा: माणसं ओळीनं, पाण्याकडे तोंड करून बसतात. तिथं ते शोभतं, समोर तलाव आहे. शाळेत समोर क्रिकेट असतं. चार मैत्रिणींना गप्पा मारायच्या तर एकमेकींचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणून काटकोनात, अर्धगोलात किंवा समोरासमोर बैठक लागते. पाचवीच्या मुलाचे पाय जमिनीला टेकायला हवेत, दहावीच्या मुलाचे गुडघे हनुवटीला लागायला नकोत, म्हणजे दोन उंच्या आल्या. हे सगळं सिमेंट ओतायच्या आधी तात्पुरतं मांडून बघा. दिवाळीनंतर पंधरा दिवस वर्गातले जुने बाक बाहेर काढा, सतरंज्या टाका, उन्हाळ्यात सिग्नलवर बांधतात तसली हिरवी नेट दोन खांबांना ताणा. जागा चुकली तर ती ओस पडते. उचला आणि दुसरीकडे मांडा. मुलं वेळा लावून, माणसं मोजून नोंद ठेवतील. अशी दोन-तीन मांडणी बदलून झाल्यावरच ठेकेदाराला बोलवायचं. पक्की नेट लावायची तर आकडे-दोऱ्यांची, वादळाच्या आधी पाच मिनिटांत उतरवता येईल अशी.

रंगवलेले टायर कोणीतरी सुचवणारच, यूट्यूबवर सगळीकडे तेच आहे. टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं आणि डेंगूच्या डासाला एवढं पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस. ठेवायचेच तर तळाशी भोकं पाडून, आत माती ठासून. आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साचलेलं पाणी ओतून टाकायचा दिवस, कोण पाळणार, हेही तेव्हाच ठरवा.

शिक्षकांची एक भीती तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण ती असणार: आडोसा केला की 'भानगडी' होतील. मुलांना थोडा एकांत हवा असतो आणि तो मागण्यात गैर काही नाही. कंबरेएवढं मेंदीचं कुंपण घाला. आत बसलेल्याला आडोसा वाटतो, बाहेर उभ्या असलेल्या शिक्षकाला सगळ्यांची डोकी दिसतात. वाद मिटतो.

आता मुद्द्याचं. मुलांचा सहभाग म्हणजे नेमकं किती? रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकानं १९९२ मध्ये युनिसेफसाठी याची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या अशा: मुलांना वापरून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. या तिन्हींना तो सहभाग मानतच नाही. आपल्याकडे उद्घाटनाला गुलाबाचं फूल घेऊन उन्हात तासभर उभ्या केलेल्या मुली कोणत्या पायरीवर, ते तुम्हीच ठरवा. तुम्हाला सहावी पायरी पुरे: काम मोठ्यांनी काढलेलं, पण निर्णय मुलांसोबत घेतलेला. आपल्याविषयीच्या निर्णयात मत मांडायचा मुलांचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमात आहे आणि ती संहिता भारतानं १९९२ मध्येच स्वीकारली आहे. पण सरांना कलमं ऐकवू नका, त्यानं काम बिघडतं.

सरांकडे एकच गोष्ट मागा, पण ठामपणे: दीड लाखातले तीस हजार मुलांच्या समितीनं ठरवायचे. चेकवर सही सरांची, निर्णय मुलांचा. हे नसेल तर टिकल्या, नकाशे, फक्की हा सगळा प्रकल्पवहीचा विषय होऊन राहील आणि मुलांना ते आठ दिवसांत कळेल. खऱ्या पैशानं मुलं एकदम शहाणी होतात. दोन-तीन दुकानांतून कोटेशन आणतात, बाकाऐवजी सतरंजी बरी का यावर भांडतात, 'इतल्या पैशात तर येतच नाही' असं स्वतःच म्हणतात. मोठ्यांनी दोनच अटी आधी सांगून टाकायच्या, सुरक्षिततेची आणि बजेटची. त्या सोडून तिसरी अट शेवटच्या बैठकीत काढायची नाही. आणि मुलांनी ठरवलेली एखादी गोष्ट नाकारावी लागली, तर सरांनी स्वतः येऊन कारण सांगायचं. तुमच्यामार्फत निरोप नको.

समितीत हुशार मुलंच घेऊ नका. मॉनिटर, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी, शिक्षकांची आवडती, ही मंडळी कुठंही बोलतात. मागच्या बाकावरचं, सुटीत एकटं फिरणारं एक मूल प्रत्येक वर्गात असतं, ते समितीत हवं. दहावीला बोर्डाचं टेन्शन, त्यांना सल्ल्यापुरतं ठेवा. सहावी आणि आठवी जोडीनं घेतली तर आठवी पुढं गेली तरी सहावीला सगळं ठाऊक असतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. त्यांच्यातल्या दोन आयांना आधीपासून सोबत घ्या. मुलींच्या टिकल्यांचा नकाशा त्यांना दाखवलात की सरांना पटवायचं काम त्याच करतील.

श्रमदानाला मुलं तयार असतात, फक्त वाटणीवर नजर ठेवा. आपल्या हातून नकळत झाडू मुलींकडे आणि फावडं मुलांकडे जातं. आणि उशिरा आलेल्यांना शिक्षा म्हणून झाडांना पाणी घालायला लावू नका. ज्या कामाची शिक्षा झाली ते काम पुढं कोणी प्रेमानं करत नाही.

सरांना उद्घाटन हवंच असेल तर द्या. यंदा पोळ्यानंतर, तान्हा पोळ्याच्या दिवसांत, पाचवी-सहावीची पोरं लाकडी बैल सजवून आणतील तेव्हा कडुनिंबाखालची जागा सतरंज्या टाकून पहिल्यांदा वापरू द्या. पालक येतील, फोटो निघतील, पेपरात छापून आणायचं तर तेही होईल. पक्कं काम उन्हाळ्याच्या सुटीत, आवार रिकामं असताना. देणगीदारांना दर दोन महिन्यांनी मुलांच्या हातचं एक पत्र पाठवा. पैसे देऊन वर्ष गेलं, काहीच दिसेना, ही त्यांची तक्रार त्यानं उठणार नाही.

सेल्फी पॉइंटवर वेळ घालवू नका. सरांना करू द्या, फाटकाच्या कोपऱ्यात कोणाला अडचण नाही. फक्त त्याचे पैसे मुलांच्या तीस हजारांतून जाऊ देऊ नका.

फक्की मात्र पीटीच्या सरांना आत्ताच मागून ठेवा. शालेय खो-खो आणि कबड्डीचे सामने सुरू झाले की त्यांच्याकडे पोतं उरत नाही.